पेत्राच्या किल्ल्या, रोमची गादी आणि आमच्याकडचे ‘अपोस्टल’

कृष्णाकाठची (सांगली)

सर्वांना सलाम. प्रश्न लांब आहे, पण तोडून लिहिला तर त्यातलं काहीच हाती लागणार नाही.

आमचं घर सांगलीचं, पिढ्यान्‌पिढ्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होती, आजोबा मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे एल्डर. मूळचे आम्ही प्रेस्बिटेरियन, १९७० नंतर सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). माझा मावसभाऊ गेल्या वर्षापासून एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये जातो. चालवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. आधी ते पास्टर होते, मग बिशप झाले, आता फ्लेक्सवर नावाच्या आधी ‘अपोस्टल’, म्हणजे प्रेषित, असं असतं. कोणी केलं, कधी केलं, हे तिथल्या कोणालाच सांगता येत नाही. मी तिघांना विचारलं.

भाऊ आता म्हणतो, लहानपणी पाळकांनी दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हता, पुढच्या महिन्यात कृष्णेत परत घेणार. मावशीनं जेवण सोडलंय. कारण ज्या पाळकांनी त्याला बाप्तिस्मा दिला त्यांनीच काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, माती दिली. एक खोटं ठरलं की सगळंच खोटं ठरतं, असं तिला वाटतं. मी भावाला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाला, “अपोस्टलनी. प्रेषिताला उलट प्रश्न करायचे नसतात.”

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. तिथं माझ्याबरोबर काम करणारा कॅथलिक आहे. त्याच्याजवळ बोलले तर म्हणाला, “तुम्ही पोप सोडलात, मग गल्लोगल्ली पोप होणारच.” त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनातून जातही नाही.

तर विचारायचं हे. प्रभू येशूनं आपला शिष्य पेत्र याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या दिल्या (मत्तय १६), त्या पेत्रानंतर पुढे कोणाकडे गेल्या का? रोमच्या बिशपचा, म्हणजे पोपचा, सगळ्या मंडळ्यांवर अधिकार आहे, असं पहिल्या दोन-तीनशे वर्षांत लोक मानत होते का? आमच्या बिशपांकडे प्रेषितांपासून चालत आलेलं काही आहे का? आणि भावाच्या बाप्तिस्म्याचं मी त्याला काय सांगू?

एकमेकांच्या पंथाला नावं ठेवू नका, एवढी विनंती. मला खरंच समजून घ्यायचंय.

फक्त_वचन (कवठेमहांकाळ)

ताई, मत्तय २३ वाचा. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, तुमचा गुरू एकच आहे. पोप नको, बिशप नको, अपोस्टलही नको. पवित्र शास्त्र हातात आहे ना? मग अधिकार तिथंच आहे.

कृष्णाकाठची

दादा, भाऊ पण शास्त्रच उघडून दाखवतो हो. इफिसकरांस ४:११, देवानं कोणी प्रेषित, कोणी संदेष्टे, कोणी पाळक नेमले. तुमचं शास्त्र आणि त्याचं शास्त्र एकच आहे. मग तुमच्या दोघांत बरोबर कोण, हे कोण ठरवणार? माझी अडचण तिथंच आहे.

टेबललँडवाला (पाचगणी)

मी कॅथलिक. पाचगणीत वाढलो, आता मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. तुमच्या सहकाऱ्यानं जे सांगितलं त्यात एक खरी गोष्ट आहे, पण ती तशी फेकायची नव्हती.

आम्ही पेत्राबद्दल जे मानतो ते एका ओळीवर उभं नाही. मत्तय १६ मधल्या किल्ल्या वाचताना यशया २२ शेजारी ठेवा. तिथं एल्याकीमच्या खांद्यावर दाविदाच्या घराण्याची किल्ली ठेवली आहे, आणि ती शेबना नावाच्या आधीच्या कारभाऱ्याला काढून त्याला दिली आहे. म्हणजे किल्ली ही पदाची खूण आहे, आणि पद एकाकडून दुसऱ्याकडे जातं. मग लूक २२, शेवटच्या भोजनाची रात्र. सैतानानं तुम्हा सगळ्यांना चाळायला मागितलं, पण प्रार्थना केली ती एका शिमोनासाठी, आणि वळल्यावर भावांना स्थिर करायचं काम त्यालाच दिलं. मग योहान २१, तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारून मेंढरं सोपवली. बांधण्या-सोडण्याचा अधिकार मत्तय १८ मध्ये बाकीच्यांनाही मिळाला, हे मान्य. किल्ल्या मात्र एकालाच मिळाल्या.

आता इतिहास. सन ९६ च्या सुमारास करिंथच्या मंडळीनं आपल्या वडिलांना पदावरून काढलं, तेव्हा रोमच्या मंडळीनं त्यांना खडसावणारं पत्र लिहिलं. आपण ते क्लेमेंटचं पत्र म्हणतो. त्यात स्पष्ट आहे की प्रेषितांनी माणसं नेमली, आणि ती मेल्यावर त्यांच्या जागी दुसरी पारखलेली माणसं यावीत अशी व्यवस्थाही केली. सन १८० च्या सुमारास ल्योंचे बिशप आयरेनियस खोट्या शिक्षकांना उत्तर देताना रोमच्या बिशपांची यादीच देतात : लीनस, अॅनाक्लेटस, क्लेमेंट, असं करत बारावे एल्युथेरस. त्यांचा मुद्दा तुमच्या भावासाठीच आहे. गुप्त ज्ञानाचे दावे कोणीही करील, पण आमचं शिक्षण कोणी कोणाला दिलं ते उघड आहे, मोजून दाखवता येतं.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांना तिथून हाकललं तेव्हा ते रोमला गेले. पोप ज्युलियस यांनी त्यांना निर्दोष ठरवलं आणि पूर्वेच्या बिशपांना विचारलं, आम्हाला न कळवता हा निवाडा कसा केलात? ४५१ साली खाल्किदोनला भरलेल्या बिशपांच्या मोठ्या सभेत पोप लिओचं पत्र वाचल्यावर बिशप ओरडले, “पेत्र लिओच्या मुखाने बोलला आहे.”

आणि एक गैरसमज. पोप जे म्हणतील ते अचूक, असं आमचं शिक्षण नाही. १८ जुलै १८७० ला पहिल्या व्हॅटिकन सभेनं जे ठरवलं ते मर्यादित आहे : श्रद्धा आणि नीती ह्यांवर, सगळ्या ख्रिस्तसभेला बांधील अशी, पदाच्या पूर्ण अधिकारानं केलेली घोषणा. त्यानंतर अशी घोषणा एकदाच झाली, १९५० साली. दुसऱ्या व्हॅटिकन सभेनं तर स्पष्ट लिहिलं आहे की शिकवण्याचा हा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याची सेवा करणारा आहे.

शास्त्र सगळ्यांचं एकच असताना बरोबर कोण हे कोणी ठरवायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की प्रभूनं त्यासाठीच एका माणसाला पुढे केलं. तो माणूस चांगला होता म्हणून नाही, मेंढरं विखुरली जाऊ नयेत म्हणून.

कोट्टयम_ते_मिरज

मी ऑर्थोडॉक्स, केरळची. मिरजेत नर्स आहे, लग्नही इथलंच, मुलं मराठी शाळेत. पाचगणीच्या दादांनी छान लिहिलं, पण चर्चा फक्त ‘पोप किंवा प्रोटेस्टंट’ अशी चालली आहे. जगात आम्हीही आहोत. हात ठेवून बिशप नेमण्याची परंपरा आमच्याकडे प्रेषितांपासूनची मानतात, आणि रोमचा अधिकार आम्ही मानत नाही. खाल्किदोनची सभाही आमच्या परंपरेत मान्य नाही, त्यामुळे तिथं कोण काय ओरडलं ह्यानं आमचं समाधान होत नाही. पेत्र रोमच्या आधी अंत्युखियात होता, हेही आमच्याकडे लहान मुलाला माहीत असतं.

पण ताईंसाठी आमच्या इतिहासातली एक गोष्ट सांगते. पोर्तुगीजांनी १५९९ च्या उदयंपेरूर सभेपासून आमच्या लोकांना लॅटिन, म्हणजे रोमच्या, बिशपांखाली आणलं. ३ जानेवारी १६५३ ला मट्टंचेरीत लोकांनी शपथ घेतली की आता त्या पाद्र्यांचं ऐकणार नाही. सगळ्यांचे हात क्रुसाला पुरेनात म्हणून दोर बांधले आणि दोर धरून शपथ घेतली, असं आम्ही ऐकत आलो. त्याच वर्षी बारा धर्मगुरूंनी मिळून समाजाचे पुढारी आर्चडीकन थोमा यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना बिशप केलं. राग खरा होता, माणूस आपला होता, सगळ्यांना हवा होता. तरी लोकांच्या मनात शंका राहिली : बिशपनं हात न ठेवता बिशप होतो का? त्या शंकेपायी खूप घरं रोमकडे परत गेली. शेवटी १६६५ मध्ये पश्चिम आशियातून बिशप मार ग्रेगोरियोस आले तेव्हा बाकीच्यांचं मन थाऱ्यावर आलं.

म्हणजे रोमशी भांडलेल्या लोकांनाही स्वतःच स्वतःला नेमणं पुरेसं वाटलं नाही. तुमच्या भावाला हे सांगा. दुसऱ्या कोणीतरी हात ठेवावा लागतो, आणि त्या दुसऱ्यावरही कोणीतरी ठेवलेला असावा लागतो.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

ताई, सलाम. मी साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक, तुमच्या आजोबांसारखाच मंडळीचा वडील.

आधी बाप्तिस्म्याचं, कारण तारीख जवळ आली आहे. हा वाद नवीन नाही. सन २५५-२५६ मध्ये ह्याच प्रश्नावर कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे बिशप स्टीफन समोरासमोर आले होते. फुटलेल्या गटांत बाप्तिस्मा घेतलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? सिप्रियन म्हणाले, द्यायचा, कारण बाहेर पवित्र आत्मा नाही. स्टीफन म्हणाले, नाही, जुनी रीत अशी की फक्त हात ठेवून आत घ्यायचं. स्टीफननी पेत्राच्या गादीचा आधार पुढे केला, संबंध तोडण्याची भाषा केली. सिप्रियननी आफ्रिकेतल्या सत्त्याऐंशी बिशपांची सभा घेतली आणि बजावलं की आपल्यापैकी कोणीही स्वतःला बिशपांचा बिशप करत नाही.

पाचगणीच्या दादांनी ही गोष्ट सांगितली नाही, मीच सांगतो : ह्यात रोमचं बरोबर होतं. पश्चिमेकडच्या मंडळीनं पुढे तेच स्वीकारलं, ३१४ साली आर्लच्या सभेत. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या योग्यतेवर तो उभा नसतो, पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ह्या नावावर उभा असतो. तुमच्या भावाला तो मिळालेला आहे. तान्ह्या मुलाला द्यावा की नाही ह्यावर बाप्टिस्ट बांधवांचं वेगळं मत आहे आणि ते शास्त्र वाचूनच तिथं आले आहेत, त्यांच्याशी मी बसून बोलेन. पण ‘माझ्या हातून नाही म्हणून खोटा’ हे म्हणणं वेगळं आहे, आणि ते मंडळीनं सतराशे वर्षांपूर्वी नाकारलेलं आहे. मावशींना हे आजच सांगा. त्यांचं काही खोटं ठरलेलं नाही.

आता रोम. स्टीफनचा निवाडा टिकला, पण कसा टिकला ते बघा. त्यांनी सांगितलं म्हणून आफ्रिकेनं मान तुकवली नाही. सिप्रियन २५८ मध्ये हुतात्मा झाले, आपलं मत न बदलता. आणि रोमच्याच मिस्सेच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेच्या, सगळ्यांत जुन्या प्रार्थनेत आजही सिप्रियनचं नाव घेतात. रोमच्या बिशपला तोंडावर नाही म्हणणारा माणूस रोमच्याच वेदीवर संत म्हणून आठवला जातो. रोमचं न ऐकणं म्हणजे ख्रिस्ताबाहेर जाणं, असं तेव्हा असतं तर हे घडलं नसतं.

क्लेमेंटच्या पत्राबद्दल पाचगणीकरांशी मी बराचसा सहमत आहे. पण ते पत्र एका बिशपच्या नावानं नाही, रोममधल्या मंडळीच्या नावानं आहे, आत क्लेमेंट हे नावही येत नाही. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस हुतात्मा व्हायला रोमकडे निघाले तेव्हा त्यांनी वाटेत पत्रं लिहिली. इतर गावांच्या पत्रांत बिशपला धरून राहा असं पुन्हा पुन्हा लिहिलं, आणि रोमच्या पत्रात तिथल्या बिशपचा उल्लेखच नाही. त्या मंडळीचा मान मात्र फार केला, प्रीतीत अग्रस्थानी असलेली म्हटलं. आयरेनियसनी यादी दिली हे खरंच, पण सन १९० च्या सुमारास रोमच्या व्हिक्टरनी ईस्टरच्या तारखेवरून आशियातल्या मंडळ्यांशी संबंध तोडायला घेतले, तेव्हा त्यांना असं करू नका म्हणून लिहिणारेही हेच आयरेनियस.

ह्या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे. रोमला पहिला मान होता. लोक तिथं दाद मागायला जात, तिथलं मत जड असे. हे नाकारणारे आमचे प्रोटेस्टंट वक्ते इतिहासाला न्याय देत नाहीत. पण प्रत्येक गावच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसावर थेट आणि पूर्ण अधिकार, जो १८७० च्या ठरावात आहे, तो पहिल्या तीनशे वर्षांत मला दिसत नाही. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनीच ‘सार्वत्रिक बिशप’ ह्या पदवीला कडाडून विरोध केला होता.

तुमच्या सहकाऱ्याला हेही विचारा : १३७८ ते १४१७ दोन-दोन, शेवटी तीन पोप एकाच वेळी होते, तेव्हा गल्लोगल्ली पोप कशामुळे झाले होते? ते मिटवलं कॉन्स्टन्सच्या सभेनं.

आमच्या बिशपांचं विचारलंत. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल, तुमच्याकडे सांगलीत प्रेस्बिटेरियन. दोन्हीकडे बिशप नव्हतेच, कारभार पाळक आणि वडील मिळून बघत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या, त्यात अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) होते, आणि त्यांच्याकडची बिशपांची परंपरा सगळ्यांची झाली. एकमेकांवर हात ठेवून हे झालं. रोम ते मानत नाही. अँग्लिकन बिशप-पाळकांची दीक्षा निरर्थक, असा निर्णय १८९६ मध्ये तेराव्या लिओंनी दिला आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आमची घटना बिशपपद स्वीकारते, पण त्याचा एकच अर्थ कोणावर लादत नाही. मला ते पटतं. आमचा बिशप एकटा काही करू शकत नाही. वर सिनड, म्हणजे सगळ्या सी.एन.आय.ची सर्वोच्च सभा, आहे, खाली मंडळीची कमिटी आहे, आणि वर्षाचा जमाखर्च मंडळीपुढे वाचला जातो.

आणि इथंच तुमच्या ‘अपोस्टल’चा प्रश्न येतो. पेत्राला बाकीच्या प्रेषितांनी शोमरोनात पाठवलं (प्रेषितांची कृत्ये ८:१४). पेत्र यहुदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी जेवला तेव्हा यरुशलेमेतल्या भावांनी त्याला जाब विचारला, आणि त्यानं क्रमवार सगळं सांगितलं (अध्याय ११). ‘माझ्याकडे किल्ल्या आहेत’ असं तो म्हणाला नाही. अंत्युखियात पौलानं त्याला सगळ्यांसमोर दोष दिला. पौलाला खुद्द प्रभूनं बोलावलं होतं, तरी त्यानं यरुशलेमेला जाऊन आपलं शुभवर्तमान त्या लोकांपुढे ठेवलं. खऱ्या प्रेषितांना प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी उत्तरं दिली. प्रकटीकरण २:२ मध्ये इफिसच्या मंडळीची स्तुती कशासाठी आहे? स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांची परीक्षा घेतली म्हणून. दिदाखे नावाची फार जुनी पुस्तिका आहे, तिच्यात लिहिलंय की फिरता प्रेषित आला तर त्याचं प्रभूसारखं स्वागत करा, पण तो तीन दिवस राहिला किंवा जाताना पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा.

स्वतंत्र काम म्हणजे चुकीचं, असं मी म्हणत नाही. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडलं आणि आमच्या साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांसाठी. मिशनची चौकट नको म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मला भीती वाटते ती ‘प्रश्न विचारायचे नसतात’ ह्या वाक्याची.

टेबललँडवाला (पाचगणी)

वडील, सिप्रियनबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी वर्गात सांगणार आहे. दोन गोष्टी मात्र सोडवत नाहीत. कॉन्स्टन्सच्या सभेनं तीन दावेदार बाजूला केले आणि मग काय केलं? १४१७ मध्ये मार्टिन पाचवे निवडले. पोपशिवाय चालवू असं कोणी ठरवलं नाही. आणि बी उगवायला वेळ लागतो. तीनशे वर्षांत पूर्ण झाड दिसलं नाही म्हणून ते दुसरंच झाड, असं होत नाही. त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा हा एकच देव ही, शिकवणही पूर्ण शब्दांत ३२५ आणि ३८१ च्या सभांतच आली.

जाब विचारण्याबद्दल तुमच्याशी सहमत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये इतर मंडळ्यांनाच विचारलं होतं की हे पद सगळ्यांना प्रीतीची सेवा वाटेल असं कसं चालवता येईल, तुम्ही सांगा. तो प्रश्न अजून उघडा आहे.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

झाड वाढतं हे मान्य. वाढलेली प्रत्येक फांदी मुळातली आहे का, हे कोणी तपासायचं, इथं आपलं अडतं. ६८१ च्या सभेनं पोप होनोरियसना त्यांच्या पत्रांतल्या शिकवणीवरून दोषी ठरवलं, म्हणजे तपासणं तेव्हा शक्य होतं. तुम्ही म्हणाल ती खाजगी पत्रं होती, पदावरून दिलेलं शिक्षण नव्हतं. कधी साताऱ्याला आलात तर बसून बोलू, मला मनापासून आवडेल.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. काल भावाला प्रकटीकरण २:२ आणि कृत्ये ११ वाचून दाखवलं. रागावला नाही. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “हे आपल्या पाळकांना लागू आहे का? त्यांच्यावर हात कोणी ठेवला, मंडळीचे पैसे कुठे जातात, हे मी विचारलं तर सांगतील?” मी म्हटलं, ये आणि विचार. रविवारी उपासनेनंतर कमिटी बसते. तो येणार आहे. फेलोशिपमध्येही हेच दोन प्रश्न विचारायला मी त्याला सांगितलंय.

मावशीला बाप्तिस्म्याचं सांगितलं. आज जेवली.

पाचगणीचे दादा, एकच शेवटचं. तो समजा तुमच्याकडे आला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्याल का?

टेबललँडवाला (पाचगणी)

नाही. पाणी वापरलं असेल आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्या नावानं दिला असेल, तर तो आमच्याकडेही धरतात. मंडळीच्या नोंदवहीतला दाखला काढून ठेवा.